फियाट पाचशेची साठीशांत

"इटलीला जाऊन व्हेनिस नाही बघितलं?" हा प्रश्न आम्हाला अजून लग्नामुंजीत विचारला जातो. नाही बघितलं. रोमही नाही. आम्ही एका गाडीच्या वाढदिवसाला गेलो होतो, तीही आमच्या मालकीची नसलेल्या. एवढं सांगितलं की समोरचा माणूस बहुतेक वेळा जिलेबीच्या ताटाकडे वळतो, म्हणून एकदाचं इथे सविस्तर लिहून टाकते.

माझे सासरे, म्हणजे नाना, कुर्ल्याच्या प्रीमिअर मोटार कारखान्यात गिअरबॉक्स असेंब्लीला होते. व्हीआरएस घेईपर्यंत तिथेच. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत बसलं की ड्रायव्हरने गिअर टाकल्याबरोबर नाना आवाजावरून गाडीचं वय सांगायचे. ड्रायव्हर चिडायचे. आमच्या सोसायटीत, मुलुंडला, ताडपत्रीखाली एक पद्मिनी उभी आहे. ती नवऱ्याची म्हणायची, पण तिची किल्ली नानांच्या शबनममध्ये असते. तिच्यासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातून पार्ट शोधत फिरणं हा दोघांचा रविवारचा कार्यक्रम. मी त्यात नाही. मला गाडी चालवायला आवडते, ती खोलून वर्तमानपत्रावर पसरायला नाही.

पद्मिनी म्हणजे मुळात फियाट अकराशे. इटलीत १९५३ साली आली, मुंबईत बनू लागली, पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली. तिच्याही आधीच्या गोलमटोल अकराशेला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणायचे. नानांचं सगळं आयुष्य इटलीहून आलेल्या ड्रॉइंगांवर गेलं, पण इटली त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि बघायची आहे असं कधी म्हणालेही नव्हते. नवऱ्यालाच एक दिवस कळलं की फियाट पाचशे २०१७ च्या जुलैत साठ वर्षांची होतेय आणि इटलीच्या लिगुरिया प्रांतातल्या गार्लेंदा नावाच्या गावात तिचा मेळा भरतो. तिथे पाचशेचा क्लब १९८४ पासून आहे, एक म्युझियमही आहे, दान्ते जकोसा यांच्या नावाचं. पाचशेचा आराखडा जकोसांचा, आणि अकराशेही त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. हे ऐकल्यावर नाना एवढंच म्हणाले, "मग धाकटीच्या साठीशांतीला जायला हवं." झालं.

आता तारखा बघा. पाचशे बाजारात आली ४ जुलै १९५७ ला. २०१७ ची ४ जुलै म्हणजे आषाढी एकादशी. आणि त्याआधी तीन दिवस, १ जुलैला, देशात जीएसटी लागू. माझा नवरा अकाउंट्समध्ये आहे. त्याने रजेचा अर्ज दिला तेव्हा त्याच्या साहेबांना वाटलं, घरात कुणी तरी गेलं. शेवटी लॅपटॉप बरोबर न्यायच्या अटीवर सुटका झाली, आणि त्या माणसाने इटलीचा समुद्रकिनारा आगगाडीच्या खिडकीतून दिसत असताना जीएसटीसाठी लागणारे मालाचे एचएसएन कोड भरले. लेकीची शाळा नुकतीच सुरू झालेली. अर्जात मी 'शैक्षणिक सहल' असं लिहिलं. ते खरंही ठरलं, पण त्याबद्दल पुढे.

सासूबाईंची एकादशी विमानातच उजाडली. त्यांनी राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाणे सगळं पर्समध्ये भरलं होतं. एअर होस्टेसने ट्रे पुढे केला की हात जोडायच्या. तुरीनला पोचलो तेव्हा संध्याकाळ होती, आणि त्यांनी उकडलेला बटाटा आणि पीच खाऊन एकादशी साजरी केली. मला वाटलं होतं कुरकुर होईल. उलट म्हणाल्या, "वारकरी महिनाभर चालतात, मी तर बसूनच आलेय."

दुसऱ्या दिवशी लिंगोत्तो.

हे मला नीट सांगायचंय, कारण फोटोत त्याची काहीच कल्पना येत नाही. फियाटचा हा कारखाना १९२३ साली पूर्ण झाला. पाच मजली. कच्चा माल तळमजल्यावर आत घ्यायचा, गाडी एकेक मजला वर चढत बनत जायची, आणि तयार झाली की थेट गच्चीवर. गच्चीवर टेस्ट ट्रॅक! सुमारे एक किलोमीटरचा, दोन्ही टोकांना वळणावर उभा चढवलेला, भिंतीला टेकायला येईल इतका तिरका. तिथे फेऱ्या मारून पास झालेली गाडी गोल रॅम्पवरून खाली यायची. कारखाना १९८२ साली बंद झाला. आता आत मॉल आहे, हॉटेल आहे, चित्रांचं एक छोटं संग्रहालय आहे. आम्ही त्या संग्रहालयाचं तिकीट काढून वर गेलो.

नाना वळणाच्या पायथ्याशी उभे राहिले. पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन, डोक्यावर लेकीची गुलाबी टोपी, कारण ऊन रणरणत होतं. त्यांनी त्या तिरक्या भिंतीवर चढायचा प्रयत्न केला. सासूबाई ओरडल्या, "अहो, वय काय तुमचं!" तीन पावलं चढले आणि बूट सरकले तसे हसत खाली आले. मग ट्रॅकची पूर्ण फेरी चालले. आम्ही बाकीचे सावलीत बसून राहिलो. परत आल्यावर म्हणाले, "कुर्ल्याला आता टॉवर आहेत. इथे मॉल. म्हणजे दोन्हीकडे तेच झालं. पण यांनी गच्ची ठेवली." एवढंच. चहा मिळतो का ते बघायला खाली गेले.

तुरीनहून सावोना, सावोनाहून आल्बेंगा, असं आगगाडीने गेलो. या प्रवासावर लिहिण्यासारखं एकच: समुद्र एका बाजूला, बोगदे दुसऱ्या, आणि मधे सासूबाईंची झोप. आल्बेंगात राहिलो, कारण गार्लेंदा अगदी लहान गाव आहे, ऑलिव्हच्या झाडांनी भरलेल्या खोऱ्यात, किनाऱ्यापासून थोडं आत. मेळ्याच्या दिवसांत तिथे खोली मिळणं अशक्य. कुणाला जायचं असेल तर आल्बेंगा किंवा आलास्सिओ बघा, आणि आधी बुक करा.

मेळा म्हणजे मला वाटलं होतं, आपल्याकडे फोर्टात व्हिंटेज रॅली होते तसं काही तरी असेल. दोरी, पलीकडे चकाकणारी रोल्स-रॉइस, मिशीवाला ड्रायव्हर, आणि हात लावू नका अशी पाटी. इथे दोरीच नव्हती. शेकडो पाचशे, गावातल्या रस्त्यावर, शाळेच्या मैदानात, झाडाखाली, जिथे जागा मिळेल तिथे. जर्मनीहून, हॉलंडहून आल्प्स ओलांडून चालवत आणलेल्या, मागच्या डिकीवर कॅरिअर, कॅरिअरवर बॅगा. डिकी म्हटलं खरं, पण मागे असतं इंजिन. सामान ठेवायला पुढचं बॉनेट उघडावं तर तिथे पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी. म्हणून सामान वर. लोक गाडीच्या शेजारी खुर्च्या टाकून जेवत होते. मुलं आतून बाहेरून चढत होती आणि कुणी ओरडत नव्हतं. गंजलेल्या गाड्यासुद्धा होत्या, पोचे आलेल्या, आणि त्यांच्याभोवती गर्दी जास्त.

माझं मत सांगते, पटो न पटो. राजेमहाराजांच्या गाड्या जपायला पैसा लागतो, आणि तो त्यांच्याकडे असतोच. या गाड्या जपल्या ज्यांच्याकडे दुसरी गाडी घ्यायला पैसे नव्हते त्यांनी. पाचशे आली तेव्हा इटलीत लोक स्कूटरवर अख्खं कुटुंब बसवून फिरत होते, आपल्याकडे पुढची कित्येक वर्षं फिरले तसेच. पहिली पाचशे इतकी सोवळी होती की खिडकीची काच खाली होत नसे आणि मागे धड सीट नव्हती. लोकांनी नाक मुरडलं, तेव्हा कंपनीने काही महिन्यांतच सुधारून दिली. १९७५ पर्यंत सुमारे ३९ लाख गाड्या विकल्या गेल्या. आमच्या घरात हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. लेकीने तो भूगोलाच्या पेपरातही घातला होता.

तर शैक्षणिक सहल. दुसऱ्या दिवशी आम्ही एका फिक्या निळ्या पाचशेपाशी थांबलो. मालकीणबाई नानांच्याच वयाच्या, हातात कापड, इंजिनचं झाकण उघडं. नाना वाकले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, रेडिएटर कुठाय?"

नाहीच. पाचशेचं इंजिन हवेवर थंड होतं. दोन सिलिंडर, सुरुवातीला अवघं ४७९ सीसी, एक पंखा, पत्र्याचं आवरण, संपलं. ज्यांनी मे महिन्यात पद्मिनीने खंडाळ्याचा घाट चढलाय त्यांनाच नानांचा चेहरा कळेल. घाटात बॉनेट उघडून, फडक्याने रेडिएटरचं झाकण फिरवून, वाफ अंगावर घेत, कॅनमधलं पाणी ओतत उभं राहण्यात आमच्या घराची दर सुट्टी सुरू झालेली आहे. "म्हणजे पाणीच नको?" नानांनी परत विचारलं. लेकीने फोनवर इटालियन करून बाईंना ऐकवलं. त्या मोठ्याने हसल्या आणि त्यांनी नानांना पुढच्या सीटवर बसायची खूण केली.

मी आणि लेक मागे. मागे म्हणजे गुडघे हनुवटीला. छत कापडाचं, गुंडाळून मागे टाकलेलं. नवऱ्याने नंतर सांगितलं की पत्रा वाचवायला तर ते होतंच, पण दोन सिलिंडरची ती धडधड आत घुमू नये म्हणूनही. गाडी सुरू करायला किल्ली फिरवली आणि मग दोन सीटच्या मधला एक छोटा दांडा वर ओढला. इंजिन आमच्या पाठीशी जागं झालं. रस्ता चढणीचा होता, वळणावळणाचा, पुढेमागे रांगेने पाचशेच पाचशे.

या गाडीच्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद पडावा म्हणून असते ती सोय, नाही. खालचा गिअर घ्यायचा तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, सोडा, रेस द्या, परत दाबा, मग गिअर. बाई ते न बघता, बोलत बोलत करत होत्या. आणि मला मागून दिसत होतं की नानांचा डावा पाय त्यांच्याबरोबर हलतोय. तिथे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे नाना बसले होते उजवीकडे, मुंबईत ड्रायव्हर बसतो त्या जागी, समोर काहीच नसताना. दाब, सोड, दाब. एका वळणावर बाईंच्या ते लक्षात आलं. पुढच्या वेळी क्लच दाबायच्या आधी त्यांनी नानांकडे बघितलं आणि नाना दाबेपर्यंत थांबल्या. खालच्या गावापर्यंत दोघांनी मिळून गाडी आणली, असं म्हणायला हरकत नाही. सासूबाईंना हे मी सगळं सांगितलेलं नाही.

परत आल्यावर लेकीने फोनमधला आमच्या पद्मिनीचा फोटो बाईंना दाखवला. शेजारच्या गाडीतले आजोबा डोकावले आणि "मिल्लेचेन्तो!", म्हणजे अकराशे, म्हणून ओरडलेच. मग आणखी दोघे आले. एकाच्या काकाकडे होती, एक त्याच गाडीतून लग्नाला गेला होता. त्यांच्याकडे अकराशे १९६९ साली बंद झाली. नानांनी सांगितलं की आम्ही नव्वदचं दशक संपेपर्यंत बनवत होतो आणि मुंबईत अजून तिच्या टॅक्सी धावतात, तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. लेकीचा फोन तापला भाषांतर करून करून. एका माणसाने कागदावर नुसते आकडे लिहून विचारलं: १९६९? त्याखाली नानांनी खिशातलं पेन काढून लिहिलं: १९९९. आणि सही केली, का ते देव जाणे, पण त्या माणसाने कागद घडी करून पाकिटात ठेवला.

त्या रात्री चौकात फारिनाता मिळाला. चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेलं. सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "हे तर धिरडं. कांदा-मिरची विसरलेत." पण दोन प्लेट खाल्ल्या.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. नोंदणी २००३ ची होती, वीस वर्षांची मुदत संपली. त्या दिवशी आमच्याकडे बरेच फोन आले, कुणी वारल्यावर येतात तसे. नाना प्रत्येकाला सांगत होते, आमची उभी आहे, या बघायला.

२०२७ ला पाचशेला सत्तर होतात. नवरा आत्तापासून तिकिटांचे भाव बघतोय. नानांचा पासपोर्ट त्याच वर्षी संपतो, तो आधी करून घ्यायला हवा, आणि सासूबाईंची अट एवढीच की तारीख ठरवण्याआधी कालनिर्णय उघडायचं.