भैरूचा काळा गळा: कारण सापडलं, आणि लेपर्ड गेकोचा बेत रद्द

सापडलं! माझा भैरू, म्हणजे शाळांमध्ये मुलांना दाखवायला नेतो तो बियर्डेड ड्रॅगन (बियर्डी) जातीचा सरडा, वर्गात गेला की गळा काळाकुट्ट का करतो, ते अखेर कळलं. आपण इतके दिवस ज्या शंका काढत होतो, त्यातली एकही खरी नव्हती.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना माहीत आहेच, घरी हा बियर्डी म्हणजे गरीब गाय. खांद्यावर बसवला तर तिथेच डोळे मिटतो. शाळेत मात्र टेबलावर ठेवायचा अवकाश, अंग चपटं, गळा फुगलेला, पोटावर गडद रेघा. अशा वेळी मी त्याला लगेच खोक्यात ठेवतो आणि पुढचा तास फोटोंवर काढतो. घाबरलेला प्राणी हातात धरून मुलांना प्राणिप्रेम शिकवणं मला पटत नाही.

पहिला संशय गारठ्यावर होता. म्हणून मासळी बाजारातून थर्माकोलचा खोका आणला, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी एका बाजूला ठेवली. शाळेत पोचल्यावर टेंप गनने (दुरून तापमान मोजणाऱ्या यंत्राने) पाठ मोजली तर व्यवस्थित ३२ अंश. गळा तरीही काळा. मग आवाज. मुलं बिचारी श्वास रोखून बसली, उपयोग शून्य. मग कुणीतरी सुचवलेला गणवेशाचा लाल रंग. पांढऱ्या गणवेशाच्या शाळेतही तेच झालं. खाणं तर आदल्या दिवशीच देतो, त्यामुळे पोटाचा प्रश्न नव्हता.

मुळशीकडच्या शाळेत मी बोलणं थांबवून नुसता त्याच्याकडे बघत राहिलो. तो मान तिरकी करून एक डोळा छताकडे लावायचा, परत खाली, परत वर. मी वर पाहिलं. पंखा! पंख्याच्या वर ट्यूबलाइट, आणि पात्यांची सावली टेबलावरून सारखी फिरतेय.

बियर्डीच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला असतो. त्याखाली तिसरा डोळा, पॅरायटल आय. त्याला भिंग असतं, दृष्टिपटल असतं, पण चित्र दिसत नाही. उजेड आणि सावली तेवढी कळते. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावर ज्याच्या पूर्वजांना वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यांपासून जीव वाचवावा लागला, त्याच्या डोक्यावर आपण मिनिटाला शंभर घारी फिरवत होतो. घरी त्याच्या खोलीत टेबलफॅन आहे, म्हणून तिथे कधी लक्षात आलं नाही.

पंखा बंद केला, टेबल व्हरांड्याच्या दाराशी ओढलं. काही मिनिटांत गळा वाळूच्या रंगावर आला. पुढच्या शाळेत पंखा आधीच बंद ठेवला आणि गळा शेवटपर्यंत तसाच राहिला. चौथीतली एक मुलगी दाढीच्या काट्यांवरून बोट फिरवून ओरडलीच, "मऊ आहेत!" त्या एका वाक्यासाठी हा सगळा खटाटोप वसूल.

आता हँडलिंगचा नियमही बदललाय. हात वरून येणार नाही. मुलं जमिनीवर अर्धवर्तुळात, भैरू माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत आडवा, शेपटीला आधार. दोन बोटं, बाजूने, खांद्याकडून शेपटीकडे. नंतर साबणाने हात धुणं सक्तीचं, कारण धडधाकट सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. सॅनिटायझरवर भागवू नका.

टेंप गनबद्दल एक सांगतोच: काचेला चिकटवायचे ते गोल काट्याचे थर्मामीटर फेकून द्या. ते काचेजवळची हवा मोजतात, बास्किंगचा (अंग शेकायचा) दगड नाही. दगड ४० अंशांच्या आसपास हवा. आणि यूव्हीबीसाठी, म्हणजे सरड्याला लागणाऱ्या अतिनील किरणांसाठी, टी-फाइव्ह ट्यूबच (बारीक नळीचा यूव्हीबी दिवा) घ्या. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला यूव्हीबी म्हणून साधा हॅलोजन पाठवला होता. बल्ब लख्ख पेटला म्हणजे यूव्हीबी आलं असं होत नाही.

नवीन मंडळी विचारतात, शाळेसाठी कुठली जात? माझं मत पक्कं आहे. माणसाळलेला, पिंजऱ्यात जन्मलेला, पूर्ण वाढलेला बियर्डी. पिल्लू नको, ते फार चपळ आणि नाजूक. इग्वाना दीड मीटरपर्यंत जातो, शेपटीचा फटका मारतो, शिवाय साइट्सच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत असल्याने सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कॅमेलिऑनला (रंग बदलणाऱ्या सरड्याला) हाताळणंच सोसत नाही. आणि घोरपड? १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पाळण्याचा विचारही नको. पण तानाजी आणि यशवंतीची गोष्ट प्रत्येक वर्गात निघतेच, ती जरूर सांगावी; तिथूनच नख्या, पकड आणि पालीच्या पायाखालच्या गाद्या यांवर मुलं आपोआप येतात.

दुसरा सदस्य म्हणून लेपर्ड गेको (ठिपक्यांची एक पाल) आणायचं ठरलं होतं, टँकची मापंही घेतली होती. हे लिहिता लिहिता मात्र मन बदललं. तो संध्याकाळनंतर जागा होणारा, शाळा सकाळची. घाबरला की शेपूट टाकतो, आणि एखाद्या मुलाच्या हातात वळवळती शेपूट राहिली तर ते मूल आयुष्यभर पालीला घाबरेल. शिवाय त्याचा जवळचा नातेवाईक, युब्लेफॅरिस फस्कस, आपल्या महाराष्ट्रात रानात आहे. गेको पाहून उद्या कुणी दगड उलटून तो शोधायला लागलं तर?

त्याऐवजी ते पैसे भिंगांवर घालतो. बालवाडीकडून बोलावणं आलंय, पण पाच वर्षांखालच्या मुलांना सरपटणारे प्राणी हाताळायला द्यायचेच नाहीत, त्यामुळे भैरू घरी. तिथे कात न्यायची, काचेच्या चौकटीत बंद करून. भैरूची पाठीची कात आहे, पंजाची बोटं अजून अख्खी मिळालेली नाहीत. घरातली पाल विषारी नसते, हेही तिथेच सांगता येईल. ती प्रत्येकाच्या भिंतीवर असतेच.

कात फ्रेममध्ये न चुरगळता कशी बसवायची, कुणी केलंय? मी कोमट पाण्यात भिजवून ब्रशने पसरवून पाहतोय. कडा अजून गुंडाळतात.