तुम्ही विचारलंत म्हणून: एकसर जोडणीत कोणत्या रोधाला किती व्होल्ट?

भौतिकशास्त्राच्या शंका घेऊन येणारे विद्यार्थी, आणि अलीकडे त्यांचे पालकही, मला एक प्रश्न हमखास विचारतात: "सर, तीन रोध एकापुढे एक जोडले तर पहिल्यातून जाताना वीज कमी होणारच; मग पुढच्या दोघांच्या वाट्याला किती व्होल्ट येतात हे काढायचे कसे?" यातील आकडेमोड दोन मिनिटांची आहे. परंतु ‘कमी होणारच’ हे जे गृहीत धरलेले असते, ते मनातून गेल्याशिवाय सूत्र तोंडपाठ असूनही उत्तर चुकते, आणि म्हणून मी आधी उदाहरण सोडवून मग त्या समजुतीकडे वळतो.

९ व्होल्टची बॅटरी घ्या आणि तिला २२०, ३३० व ४७० ओहमचे तीन रोध एकसर जोडा. बहुतेक मुले थेट २२० ओहमला हात घालतात आणि ९ ला २२० ने भागून मोकळी होतात. येथेच गाडी अडते, कारण ९ व्होल्ट हे तिन्ही रोधांच्या दोन बाहेरच्या टोकांमधील विभवांतर, म्हणजे व्होल्टमधील फरक, आहे, एकट्या २२० ओहमचे नव्हे. ओहमच्या नियमात (धारा, म्हणजे विजेचा प्रवाह, बरोबर विभवांतर भागिले रोध) ज्या भागाचा रोध घ्यायचा, त्याच भागाचे विभवांतर घ्यावे लागते. संपूर्ण जोडणीचे विभवांतर ठाऊक आहे, तर रोधही संपूर्ण जोडणीचाच घ्यावा: बेरीज १०२० ओहम, म्हणून धारा ९ भागिले १०२०, म्हणजे सुमारे ८.८२ मिलिॲम्पिअर. आता मागे फिरून या धारेने प्रत्येक रोधाला गुणले की अनुक्रमे १.९४, २.९१ आणि ४.१५ व्होल्ट मिळतात. त्यांची बेरीज ९ येते की नाही हे पाहिल्याशिवाय वही मिटू नये, असा माझा आग्रह असतो. हा पडताळा म्हणजे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किरखॉफ यांनी १८४५ मध्ये मांडलेल्या नियमांपैकीच एक आहे.

आता त्या समजुतीविषयी. पहिल्या रोधातून दर सेकंदाला जितका विद्युतप्रभार बाहेर पडतो तितकाच दुसऱ्यात शिरला नाही, तर दोहोंमधील तारेवर प्रभार साचू लागेल; हा साचलेला प्रभार मागून येणाऱ्याला अडवील आणि पुढच्याला रेटील, त्यामुळे पहिल्यावरील विभवांतर घटेल, दुसऱ्यावरील वाढेल, आणि दोन्हींतील धारा सारखी होईपर्यंत हे चालूच राहील. बॅटरी जोडल्यावर हे सारे पापणी लवण्याच्या कितीतरी आधी उरकलेले असते. म्हणूनच धारा सर्वत्र एकच असते, आणि ती किती असावी हे तिन्ही रोध मिळून ठरवतात. वाटेत खर्च होते ती प्रभाराची ऊर्जा: ४७० ओहमच्या रोधातून जाणारा प्रत्येक कूलोम (प्रभाराचे एकक) सुमारे ४.१५ ज्यूल ऊर्जा तेथे उष्णतेच्या रूपाने सोडून पुढे जातो. यावरून हेही उघड होते की रोधांचा क्रम बदलला तरी कोणाच्याही वाट्यात फरक पडत नाही. पहिला असल्याचा लाभ नाही आणि शेवटचा असल्याचा तोटाही नाही.

प्रत्यक्ष मोजताना आकडे थोडे इकडेतिकडे होतात, कारण सोनेरी पट्टा असलेल्या रोधाचे मूल्य पाच टक्क्यांपर्यंत कमीजास्त असू शकते. त्याने गोंधळून जाण्याचे कारण नाही.

याच विचाराची खरी कसोटी पाहणारा प्रश्न मी उलट विद्यार्थ्यांना घालतो: ३३० आणि ४७० ओहममधील तार सुटली, तर त्या फटीच्या दोन टोकांना मल्टिमीटर (व्होल्ट मोजण्याचे उपकरण) लावल्यावर काय दिसेल? ‘शून्य’ हे उत्तर लगेच येते, कारण वीज बंद झाली असे मनात असते. परंतु धारा शून्य झाली म्हणजे प्रत्येक रोधावरील विभवांतर शून्य झाले, आणि एकूण बेरीज तर ९ च राहिली पाहिजे. तेव्हा ते सर्वच्या सर्व ९ व्होल्ट त्या फटीवर येतात. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध बहुधा १ कोटी ओहमच्या आसपास असल्यामुळे त्याच्यापुढे १०२० ओहम नगण्य ठरतात आणि मीटर जवळजवळ पूर्ण ९ व्होल्ट दाखवतो. बॅटरी चालू ठेवून एकेका भागावर मीटर धरत जावे. जेथे सगळेच्या सगळे व्होल्ट दिसतील, तेथे तार तुटलेली आहे.