होमलॅब नोंद: घुसखोरी झालेल्या सर्व्हरचा सराव, टप्पा दुसरा

मंडळी, मागच्या टप्प्यात नुसती जमवाजमव झाली होती, या वेळी प्रत्यक्ष तपासाला हात घातला. प्रॉक्समॉक्सवर (एका संगणकात अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) डेबियन लिनक्सचं मशीन उभं केलं, रेडिस या डेटाबेसचा ६३७९ पोर्ट पासवर्डाविना उघडा ठेवला आणि किन्सिंग या मालवेअरच्या सवयींची नक्कल करणारी निरुपद्रवी स्क्रिप्ट आत सोडली. (हे नेटवर्क घरच्या वायफायपासून पूर्ण तोडलेलं आहे. सरावासाठी खरं मालवेअर घरात आणू नका.)

किन्सिंगच का? उघडा रेडिस किंवा डॉकरचा (कंटेनर, म्हणजे वेगळ्या कप्प्यात प्रोग्रॅम चालवणारं साधन) पोर्ट हेरायचा, आत शिरायचं आणि मोनेरो हे आभासी चलन खणायला सीपीयू जुंपायचा, ही त्याची रीत. आपल्यासारख्यांच्या भाड्याच्या छोट्या सर्व्हरना नेमका असल्याच हल्ल्यांचा धोका जास्त. रेडिसने ३.२ आवृत्तीपासून पासवर्डाविना बाहेरून येणाऱ्या जोडण्या नाकारणारा संरक्षित मोड दिलाय, पण कंटेनर चालवताना तो सर्रास बंद केला जातो.

खाणकाम करणाऱ्या प्रोसेसचं नाव असतं केडेव्हटीएमपीएफएसआय. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, खरा थ्रेड आहे केडेव्हटीएमपीएफएस, म्हणजे फरक शेवटच्या एका अक्षराचा. नावावर विसंबू नका, पालक, म्हणजे तिला सुरू करणारी प्रोसेस, बघा. कर्नल थ्रेडचा पालक पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) २ असतो आणि डिस्कवरच्या कुठल्याही फाइलशी त्याचा संबंध नसतो. सोंग घेतलेल्या प्रोसेसचा प्रॉक फोल्डरमधला एक्झी दुवा (ती कोणत्या फाइलमधून चालते ते दाखवणारा) मात्र थेट टीएमपी फोल्डरकडे बोट दाखवतो.

अशी प्रोसेस दिसली की हात आपोआप किलकडे, म्हणजे ती मारायच्या कमांडकडे, जातात. तो मोह आवरायचा. एक तर क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) तिला थोड्याच वेळात पुन्हा उठवतो. दुसरं म्हणजे मूळ फाइल आधीच पुसलेली असेल, तर चालू प्रोसेस हीच तिची शेवटची प्रत असते. मी तिला स्टॉप सिग्नलने गोठवलं आणि एक्झी दुव्यावरून बायनरी, म्हणजे मूळ प्रोग्रॅमची फाइल, बाहेर काढली. फाइल पुसलेली असूनही प्रत शाबूत मिळाली, याचा फार आनंद झाला.

पुरावे गोळा करण्याचा क्रम आरएफसी ३२२७ या इंटरनेट मार्गदर्शक दस्तऐवजाचा पाळला. २००२ सालचा हा दस्तऐवज आजही तितकाच कामाचा आहे: जे आधी विरून जाईल ते आधी गोळा करा. मेमरी, प्रोसेस आणि जोडण्या आधी, डिस्क नंतर. म्हणून मशीन बंद न करता हायपरवायझरवरून (आभासी मशीन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सवरून) त्याची नेटवर्क जोडणी तोडली आणि मेमरीसकट स्नॅपशॉट घेतला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो लपलेल्या प्रोसेसवर. ईटीसीमधल्या एलडी डॉट एसओ डॉट प्रीलोड या फाइलमधून एखादी लायब्ररी घुसवली, की प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या पीएस आणि टॉप या दोन्ही कमांड खोटं बोलू लागतात, कारण त्या त्याच लायब्ररीतून वाचतात. स्टॅटिक बांधणीचा, म्हणजे बाहेरच्या लायब्ररींवर न विसंबणारा, बिझीबॉक्स (नेहमीच्या कमांडचा एकत्र संच) वेगळ्या डिस्कवरून चालवला आणि प्रोसेस लख्ख समोर आली. स्टॅटिक प्रोग्रॅमवर प्रीलोडची मात्रा चालत नाही. कर्नलमध्येच रूटकिट, म्हणजे घुसखोराच्या खुणा लपवणारा प्रोग्रॅम, असेल तर हा उपाय पुरत नाही. तिथे मेमरीची प्रत वोलॅटिलिटी या मेमरी तपासणाऱ्या साधनात उघडण्याला पर्याय नाही. त्यासाठी नेमक्या त्याच कर्नलचे सिंबल (मेमरीत काय कुठे आहे याचा नकाशा) लागतात, तेव्हा ते आधीच बनवून ठेवा. ऐनवेळी त्यात जीव जातो.

डिस्क दुसऱ्या मशीनवर फक्त-वाचन आणि नोलोड पर्याय देऊन माउंट केली. नाहीतर ईएक्सटी४ या फाइल प्रणालीच्या जर्नलमधल्या (बदलांच्या नोंदवहीतल्या) अर्धवट नोंदी डिस्कवर उतरवल्या जातात आणि पुराव्यात बदल होतो. ऑथराइज्ड कीज (लॉगिनच्या किल्ल्यांची फाइल), क्रॉन, सिस्टमडी (सेवा सुरू करणारी यंत्रणा) या तिन्ही जागी पेरलेलं सामान सापडलं.

साफसफाई करून तोच सर्व्हर वापरात ठेवण्याच्या मी ठाम विरोधात आहे. कोरी स्थापना, घुसखोरीच्या आधीचा बॅकअप आणि सगळ्या किल्ल्या दुसऱ्या संगणकावरून नव्या, इतकं केल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

पुढच्या टप्प्यात लॉग वेगळ्या मशीनवर पाठवणार आहे. तुमच्यापैकी जे छोट्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतात, त्यांनी सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश जरूर वाचावेत: घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस जपायचे. लॉग पाठवायला आरसिसलॉग बरं की जर्नल रिमोट, यावर तुमचा अनुभव सांगा.