कोलमनची ज्वारी आणि १ सप्टेंबर

पहाटे पाचला ब्राउनवूड सोडलं, तर रस्त्यावर पिकअप ट्रकांची रांग. एवढ्याशा गावात, एवढ्या पहाटे. पेट्रोल पंपाच्या दुकानात कॉफीसाठी माणसं ताटकळत उभी, अंगात मातकट हिरवे शर्ट, आणि बाहेर ट्रकांच्या मागे पिंजऱ्यात अधीर झालेले कुत्रे. १ सप्टेंबर. टेक्सासच्या उत्तर आणि मध्य विभागांत आजपासून होल्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. इथल्या खेड्यांत हा दिवस सणासारखाच असतो.

मी शिकार करत नाही. बंदूक कधी हातात घेतली नाही, पुढेही घेणार नाही. तरी डॅलसहून तीन तासांचा प्रवास करून आले ती शेजारच्या आजोबांमुळे. आमच्या घरात त्यांचं हेच नाव आहे. समोर मात्र मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे 'सर' म्हणते. सत्तरी ओलांडलेला हा माणूस उन्हाळाभर आमच्या अंगणातल्या होल्याच्या घरट्याची विचारपूस करतो, आणि सप्टेंबर उजाडला की होलेच मारायला निघतो. हे दोन्ही एका माणसात कसं नांदतं, असं मी एकदा सरळ विचारलं. "एकदा बरोबर येऊन बघ," एवढंच ते म्हणाले.

आदल्या संध्याकाळी फोर्ट वर्थ मागे टाकून ३७७ नंबरच्या रस्त्याला लागलो. ग्रॅनबरी, स्टीफनव्हिल, डब्लिन, कोमांची. जसजसं पश्चिमेला जावं तसतशी जमीन कोरडी होत जाते. मी मंगळवेढ्याकडची, त्यामुळे मला हा मुलूख परका वाटलाच नाही. इथलं मेस्क्वीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड, आणि कुंपणाकडेला फड्या निवडुंग. निवडुंग तर मूळचा याच खंडातला, आपल्याकडे नंतर आला.

ब्राउनवूडहून सँटा ॲना गाव ओलांडून कोलमनकडे जाताना अंधारात दिव्याच्या झोतात कुंपणाचे खांब दिसत होते. त्यांच्यावर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे. टेक्सासात त्याचा अर्थ 'परवानगीशिवाय आत येऊ नका'. पाटी लावलेली नसली तरी चालते, पट्टा कायद्याला पुरेसा असतो. या राज्यातली बहुतेक सगळी जमीन खासगी मालकीची आहे, त्यामुळे शिकारीची सुरुवात शेतमालकाला विचारण्यापासून होते. आजोबा दरवर्षी जूनमध्ये येऊन मालकाला भेटतात, आणि शिकारीच्या पहाटे फाटक जसं होतं तसंच लावून पुढे जातात. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद.

शेतात उतरले आणि पायाखाली ओळखीचा खुंट लागला. ज्वारीचा. इथे तिला मायलो म्हणतात. ताटं बुटकी, जेमतेम कमरेइतकी, दाणा तांबडा. कापणी होऊन गेली होती आणि सांडलेले दाणे सरीसरीत पडले होते. लहानपणी तात्यांच्या शेतात माळ्यावर उभी राहून मी गोफण फिरवलेली आहे. दगड पाखरापर्यंत क्वचितच पोचायचा, पण आवाजानं थवा उठायचा. इथे उलट, आम्ही थवा यायची वाट बघत बसलो होतो.

"ही कापणीत सांडलेली ज्वारी आहे म्हणून इथे बसता येतं," आजोबा म्हणाले. कोणी पोतं आणून दाणे पसरले, तर त्या रानात शिकार करणं गुन्हा. टाकलेला दाणा पुरता उचलून नेला तरी पुढचे दहा दिवस ती जागा बंद. शेतीच्या रोजच्या कामातून दाणा पडला तर पाखरू स्वतःहून येतं. पोतं ओतून बोलावलं, तर ती फसवणूक. हा फरक मला फार आवडला. दाणे टाकून घरी बोलवायचं आणि मारायचं, हे आपल्याकडेही कोणाला पटणार नाही.

बसायच्या आधी त्यांनी शॉटगन उघडून दाखवली. नळीखालच्या पोकळीत एक दांडी बसवलेली असते, तिला प्लग म्हणतात. त्यामुळे बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं मावतात. स्थलांतरी पक्ष्यांसाठी हा देशभरचा नियम. काडतुसांत शिशाऐवजी पोलादाचे छर्रे होते. होले दाणे पचवायला बारीक खडे गिळतात आणि त्या खड्यांबरोबर रानात पडलेलं शिसंही पोटात जाऊन विषबाधा होते. होल्यांसाठी इथे शिशाला सरसकट बंदी नाही. हा बदल त्यांनी स्वतःहून केला.

सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून बार काढायला कायद्यानं मोकळीक आहे. लांबवर धडाधड आवाज सुरूही झाले. आजोबा गप्प बसून होते. अजून काळ्या सावल्याच दिसत होत्या, आणि पाखरू ओळखू आल्याशिवाय ते चापाला बोट लावत नाहीत. त्या अर्ध्या तासात मला एक तारीख आठवत होती. १ सप्टेंबर १९१४. त्या दिवशी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची पारवीण मेली आणि पॅसेंजर पिजन ही जात पृथ्वीवरून संपली. अब्जावधींनी होते हे पक्षी, थवा उडाला की तासन्‌तास आभाळ झाकायचे. जाळी लावून, बंदुका लावून, घरट्यांच्या वसाहती लुटून, पिंपं भरभरून रेल्वेनं शहरांत पाठवले. मर्यादा नव्हती, हंगाम नव्हता, विचारणारं कोणी नव्हतं. १९१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या स्थलांतरी पक्ष्यांसाठी अमेरिकेचा ब्रिटनशी, म्हणजे कॅनडाच्या वतीनं, करार झाला, १९१८ मध्ये कायदा आला. १० मार्च ते १ सप्टेंबर शिकार बंद, हे त्या करारातलंच. शेवटची मार्था गेली तीच तारीख पुढे हंगामाचा पहिला दिवस ठरली, हा निव्वळ योगायोग. पण त्या अंधारात तो मला टोचत राहिला.

सातनंतर उजेड आला आणि होले आले. मोर्निंग डव्ह. यातलं मोर्निंग म्हणजे सकाळ नव्हे, शोक. त्याच्या घुमण्यात इथल्या लोकांना विलाप ऐकू येतो. टोकदार शेपूट, पंखांवर काळे ठिपके, आणि उडताना पंखांची बारीक शीळ. अधूनमधून पंखावर पांढरा पट्टा असलेले व्हाइट-विंग्ड डव्ह. आणि मग एक जाडसर, फिकट पाखरू मेस्क्वीटवर येऊन बसलं, मानेवर काळी अर्धी कडी. मी मोठ्यानं ओरडलेच असते. पठाणी होला! आमच्या विहिरीवरचा! १९७०च्या दशकात हा बहामा बेटांवर पिंजऱ्यातून सुटला, तिथून फ्लोरिडात आला आणि बघता बघता अर्ध्याहून जास्त अमेरिकेत पसरला. परका पाहुणा म्हणून त्याच्या शिकारीला टेक्सासात ना हंगाम, ना मर्यादा. भारतात १९७२च्या कायद्याखाली याच पाखराला संरक्षण आहे. आजोबांनी त्याच्यावर बंदूक उचलली नाही. "बसलेल्या पाखरावर बार काढत नाही मी," ते म्हणाले.

पहिल्या तासात त्यांनी जितके बार काढले त्यापेक्षा जास्त वेळा बंदूक खाली घेतली. पाखराखाली निळं आभाळ दिसलं तरच चाप ओढायचा, हा त्यांचा दंडक. होला खालून गेला की सोडून द्यायचा, कारण त्या रेषेत कुत्रा असतो, माणूस असतो. हे किती खरं आहे ते लगेच कळलं. पलीकडच्या कोपऱ्यातल्या मुलांनी खाली उडणाऱ्या पाखरावर बार काढला आणि आमच्या शेजारच्या पाचोळ्यात छर्रे टपटप पडले. मी डोळ्यांवर संरक्षक चष्मा घातला होता, तरी अंगावर काटा आला. आजोबांनी बंदूक रिकामी केली, भगवी टोपी डोक्यावर घातली आणि शेत ओलांडून त्यांच्याकडे चालत गेले. आवाज चढवला नाही. पाच मिनिटांनी परत आले तेव्हा त्यातला एकजण त्यांच्याबरोबर होता, माझी माफी मागायला.

सकाळचा सगळ्यात लांबलेला वेळ मात्र एका पाखराच्या शोधात गेला. जखमी होला निवडुंगाच्या जाळीत पडला. आजोबांचा नियम असा, की एक सापडेपर्यंत दुसऱ्यावर बार नाही. तो कुठे पडला तिथून नजर हलवायची नाही हे माझं काम. मी बोट रोखून उभी, ते आणि त्यांची लॅब्रॅडोर कुत्री काट्यांत. डोक्यावरून थवे जात होते, दहा, बारा, वीस. त्यांनी वर पाहिलंही नाही. अर्धा तास गेला. कुत्रीची जीभ लोंबायला लागली तेव्हा तिला सावलीत बसवून ओंजळीनं पाणी पाजलं, आणि पुन्हा एकटेच शोधायला गेले. पाखरू सापडलं नाही. परत येऊन त्यांनी वहीत अकरा लिहिलं. हातात दहाच होते. न सापडलेलाही त्यांच्या हिशेबात धरला जातो. दिवसाची मर्यादा पंधराची आहे, पण ऊन चढलं होतं, कुत्रीला ते सोसणार नव्हतं. नऊ वाजता ते उठले. बसल्या जागेची सगळी रिकामी काडतुसं वेचून पिशवीत भरली, दुसऱ्या कोणाची पडलेली होती तीही.

फाटकापाशी वॉर्डन उभी होती, शिकारीचे नियम पाळले जातात का ते बघणारी. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या खात्याचा गणवेश, कमरेला पिस्तूल, बोलणं अगदी मऊ. तिनं परवाना पाहिला, बंदुकीत प्लग आहे का ते तपासलं, पाखरं मोजली. मुलांच्या ट्रकमध्ये तिघांची पाखरं एकाच खोक्यात होती. कोणाची किती हे सांगता येईना, त्यावर तिनं बराच वेळ घेतला.

तिथेच मी आजोबांना मनातला एक प्रश्न विचारला. आमच्या अंगणातल्या घरट्यात आठवड्यापूर्वी दोन पिल्लं होती. आई-बाप दोघंही गळ्यातल्या पिशवीतलं दूध भरवत होते. आज इथे पडलेल्यांपैकी कोणाची पिल्लं मागे असतील का? त्यांनी टाळाटाळ केली नाही. "काहींची असतील," म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत. मला वाटतं हंगाम दोन आठवडे उशिरा उघडायला हवा. तसं मी त्यांना म्हटलंही. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की ऐकल्याची, मला समजलं नाही.

दुपारी झाडाखाली पाखरं साफ केली. पहिल्याच होल्याची गळ्यातली पिशवी फाटली आणि तळहातावर तांबडी ज्वारी सांडली. कोरडी, अख्खी, मूठभर. मी ती बराच वेळ तशीच धरून होते.

रात्री घरी येऊन तात्यांना फोन लावला. तिकडे सकाळ झाली होती. रब्बीची पेरणी अजून व्हायची होती, पाऊस बरा होता. मी त्यांना त्या ज्वारीबद्दल सांगितलं, होल्यांबद्दल सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मग तिकडं पाखरं राखतं कोण?"

मी त्यांना वॉर्डनबद्दल सांगायला लागले.