धुऱ्यावरच्या साड्या

पावसाळा सरला की मेळघाटातला हिरवा रंग जुना दिसू लागतो. गवत पिवळं पडून लवतं, नाल्यांचं पाणी निवळतं आणि उतारावरचा साग लांबून भाजल्यासारखा तपकिरी दिसतो. चिखलदऱ्याला आलेले पाहुणे गाडी थांबवून त्याचे फोटो काढतात. त्यांना वाटतं, पानगळ सुरू झाली. पानगळ कुठली! सागाची पानं गळायला अजून अवकाश असतो. हे काम अळ्यांचं. पानातला हिरवा गर तेवढा खाऊन त्या शिरांची जाळी शिल्लक ठेवतात. पान असतं फांदीवरच. आश्विनातला आमचा खरा रंग पाहायचा तर रस्ता सोडून शेताच्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, यावं लागतं. तिथे साड्या लागलेल्या असतात.

लाल, जांभळ्या, मोरपंखी, मोठ्या फुलांच्या, टिकल्यांच्या. काठ्या रोवायच्या आणि एकीच्या पदराला दुसरीचं टोक गाठ मारत शेताला वेढा घालायचा. डोंगरातलं शेत कधी चौकोनी नसतं. ते नाल्याच्या कलानं वळतं, खडक आला की आकसतं, त्यामुळे साड्याही वरखाली होत जातात. सगळ्या नायलॉनच्या. सुती साडी पावसानं आणि दवानं कुजते, ही टिकते, फक्त विटते. खाली अख्खा वऱ्हाड कापूस पिकवतो, पण राखणीला तो काही कामाचा नाही.

हे सगळं रानडुकरासाठी. मका भरला, ज्वारी निसवली, सोयाबीन वाळत आलं की डुकरं कळपानं उतरतात. खातात त्यापेक्षा उकरतात आणि तुडवतात जास्त. रोही (नीलगाय) आणि सांबर तुरीचे शेंडे खुडतात, पण ते निदान सभ्यपणे. 1973-74 साली देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यात मेळघाट होता. वाघ राखायचा म्हणजे त्याचं जेवणही राखायचं, आणि ते जेवण रात्री आमच्याकडे जेवायला येतं. वाघाबद्दल तक्रार नाही. त्यानं थोडं जास्त खावं, एवढीच अपेक्षा.

साडीला डुक्कर भितं का? पहिले काही दिवस भितं. वाऱ्यावर काहीतरी हलतं, माणसाचा वास येतो, तेवढ्यानं ते बिचकतं. मग त्याला कळतं की हे हलणारं काही करत नाही. तेव्हा साड्यांच्या जागा बदलायच्या, मधून डबे बांधायचे. गंमत म्हणजे रंगांचा यात काही वाटा नाही. डुकराला लाल आणि हिरवं वेगळं ओळखता येत नाही. म्हणजे धुऱ्यावरची ती सगळी शोभा आपली आपल्यालाच. तरी काठ्या रोवून झाल्यावर आमच्याकडची माणसं चार पावलं मागे जाऊन बघतात आणि "ते पिवळी इकडं घे" म्हणतात.

साड्या लावल्या म्हणून जागल चुकत नाही. चिखलदऱ्याची उंची सुमारे 1,100 मीटर. अमरावती-अकोल्यात ऑक्टोबरच्या उन्हानं लोक घामाघूम होतात, तेव्हा इथे मचाणावर रात्री घोंगडी लागते. कोजागिरीच्या आसपास गावातून भुलाबाईची गाणी ऐकू येतात, नंतर तीही थांबतात. नाल्यापलीकडचा कोरकू शेजारी पिपा बडवतो, मी इकडून हाळी देतो. त्याचं कुटकीचं बारीक धान्य केव्हाच घरात आलेलं असतं. तो मक्यासाठी जागतो. दोघांपैकी कोणाला डुलकी लागली हे आवाज थांबला की समजतं. आणि मध्यरात्री वारा सुटला की साड्या अशा फडफडतात की आधी राखणदारच दचकतो. हल्ली काहींनी कुंपणाच्या तारेत वीज सोडणारं झटका मशीन घेतलं आहे. त्याचा झटका लागतो, पण तारेखालचं गवत कापत राहावं लागतं. साडीला गवताचं काही वाटत नाही.

एवढ्या साड्या येतात कुठून? काही बाजारातून. दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारात गुरं राखणारी थाट्या मंडळी बासरी आणि ढोलावर नाचत असतात, तिथेच कडेला जुन्या साड्यांचे ढीग पडलेले दिसतात. घासाघीस करून गठ्ठा उचलायचा. पण घरच्या साड्यांचा मान वेगळा. आईची वापरून विरलेली साडी धुऱ्यावर कधीच जात नाही. तिची गोधडी होते. धुऱ्यावर जाते ती आहेराची.

आहेराची साडी ही आपल्याकडची एक स्वतंत्र वस्तू आहे. ती नेसण्यासाठी नसते. एका लग्नातून येते, ट्रंकेत बसते, दुसऱ्या लग्नात जाते. घडी मोडली तर किंमत गेली, म्हणून कोणी मोडतही नाही. फिरता फिरता एखादीला डाग पडतो किंवा तिचा रंगच असा असतो की पुढे द्यायची लाज वाटावी. ती मग शेतात येते आणि जन्मात पहिल्यांदा उलगडली जाते.

यात अडचण एकच. दिलेली साडी ज्याची त्याला ओळखू येते. म्हणून दसऱ्याच्या आधी आई ट्रंक उघडून बसते तेव्हा मला पिकापेक्षा नात्यांचा हिशेब जास्त ऐकावा लागतो.

"हे मोरपंखी वरच्या धुऱ्याले लाव. रस्त्याकडून नको लावू."

"काहून?"

"काहून म्हणजे? तुह्या मामीनं देल्ली हाये. येता-जाता दिसन नं तिले."

मी वरच्या धुऱ्याला लावली, मामी येण्याच्या वाटेपासून अगदी लांब.

भाऊबीजेला आईला घेऊन घाट उतरलो. मामाचं शेत परतवाड्याच्या पुढे, सपाटीवर. तिकडे रोह्यांचा त्रास. तुरी फुलावर आल्या होत्या आणि धुऱ्यावर नव्या साड्या लागलेल्या होत्या. कोपऱ्यावर एक अबोली रंगाची, चंदेरी बुट्टीची. मामाच्या पोरीच्या लग्नात आम्हीच दिलेली. मी गाडी हळू केली नाही, तिकडे बघितलंही नाही. ओवाळणी झाली, करंज्या झाल्या, मामीनं आग्रह करकरून वाढलं. निघताना तिनं आईला हळदकुंकू लावून हातात एक साडी ठेवली. आई "कायले वो एवढं" म्हणत राहिली.

घाट चढायला लागल्यावर आई म्हणाली, "मले दिसली."

"काय?"

"अबोली. कोपऱ्याले लावून रायली ते. चांगली लावली, ताणून." मग मांडीवरच्या नव्या साडीची घडी थोडी उचलून पाहिली, बोटानं पोत चाचपला. "हे जाड आहे. हरभऱ्याले कामी येईन."