खोका क्रमांक ४: एक नाव खोडलं, एक देश बदलला

मंडळी, मागच्या नोंदीत मी वादकाचं नाव न छापलेल्या एका हवाईयन रेकॉर्डीपुढे स्टील गिटारवादक जेरी बर्ड यांचं नाव लिहिलं होतं. ते आज मागे घेते आहे. कुणी आपल्या यादीत ते उतरवून घेतलं असेल तर कृपया खोडा. चूक कशी झाली आणि ती शोधताना हाती काय लागलं, ते सविस्तर सांगते, कारण यातल्या दोन युक्त्या तुमच्याही कामी येतील.

रेकॉर्ड तीच, खोका क्रमांक ४ मधली. कव्हरवर माडांची रांग, मागे डायमंड हेडचा डोंगर, पुढे फुलांची माळ घातलेली मुलगी. बँडचं नाव ‘अमुक हवाईयन्स’ छापाचं, त्यात हाडामांसाचा माणूस एकही नाही. लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्समधल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात दीड डॉलरला मिळाली. कव्हरचा कोपरा ओला होऊन फुगलेला, पण तबकडी निर्मळ.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मोठ्या कंपनीची एल.पी. ३.९८ डॉलरला मिळायची. स्वस्त लेबलांची १.९८ ला, कधी ९८ सेंटलाही, आणि तीही औषधांच्या दुकानात किंवा वाणसामानाच्या सुपरमार्केटात. २१ ऑगस्ट १९५९ ला हवाई अमेरिकेचं पन्नासावं राज्य झालं, तेव्हा तर या रेकॉर्डींचा पूर आला. इतक्या कमी पैशांत हे परवडायचं कसं, ते कव्हरच्या मागच्या बाजूला दिसतं: बहुतेकांवर दहाच गाणी. गाण्याच्या हक्कधारकाला द्यायचा, १९०९ च्या कायद्यानं ठरलेला दर, गाण्यामागे दोन सेंट, १९७७ संपेपर्यंत तसाच होता. ९८ सेंटच्या मालात बाराऐवजी दहा गाणी ठेवली की चार सेंट वाचतात. त्यातही राणी लिलिउओकलानींचं १८७८ मधलं, हक्क संपलेलं ‘अलोहा ओए’ घेतलं की तेवढेही द्यावे लागत नाहीत. वादकाला तीन तासांच्या सत्राचे पैसे एकदाच मिळायचे, तिथे विषय संपला. पुढे ती टेप चार लेबलांना चार नावांनी विकली गेली तरी त्याला पत्ता नसे.

गाण्याच्या शीर्षकाखाली कंसात छापलेल्या नावांवरही विसंबू नका. लॉस एंजेलिसच्या क्राउन लेबलचे मालक बिहारी बंधू. त्यांच्या रेकॉर्डींवर टाउब, लिंग, जोसिया अशी गीतकारांची नावं दिसतात, ती त्या भावांनीच घेतलेली टोपणनावं. मी सुरुवातीला ‘जोसिया’ला माणूस समजून आठवडाभर शोधलं होतं.

आता मूळ मुद्दा. या रेकॉर्डीवर साल नाही. १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वी अमेरिकेच्या संघीय कायद्यात ध्वनिमुद्रणाला संरक्षणच नव्हतं, त्यामुळे लेबलवर साल छापण्याची गरज कुणाला वाटत नसे. म्हणून मी पत्ता बघते. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल तर कव्हर १ जुलै १९६३ च्या आधीचं असण्याची शक्यता मोठी. पाच आकडी झिप कोड असेल तर नक्की नंतरचं. माझ्या कव्हरवर पाच आकडे आहेत. पण हे कव्हरचं वय झालं. आतली टेप दहा वर्षं जुनी असू शकते, आणि स्वस्त लेबलांच्या बाबतीत बऱ्याचदा असतेच.

तेव्हा उरतो तो हात. स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवरून पोलादी बार फिरवतात. पडदे नसल्यामुळे प्रत्येक वादकाची चाल उघडी पडते. स्वरावर खालून येतो की वरून, बार किती रुंद हलवतो, शेवटच्या स्वराला कंप आधी देतो की थोडं थांबून देतो, ही सगळी सही असते. बिली ह्यू लेन यांचं उदाहरण मी नेहमी देते. तरुणपणी अपघातात त्यांचा डावा हात मनगटापासून गेला. त्यांनी चामड्याच्या मोज्याला बार बसवून घेतला आणि होनोलुलूच्या अव्वल वादकांत जागा मिळवली.

या रेकॉर्डीवरचा कंप संथ, रुंद आणि काठोकाठ सुरात होता. सरळ बारचा झणत्कार ऐकून जुळवणी (तारा कुठल्या स्वरांना लावल्या आहेत ती) सी सिक्स्थची, म्हणजे सा-ग-प-ध या स्वरांची, वाटली. म्हणून मी जेरी बर्ड लिहिलं. बर्ड १९२० मध्ये ओहायो राज्यातल्या लाइमा गावी जन्मले, नॅशव्हिलच्या कंट्री संगीतात नावाजले आणि १९७२ मध्ये हवाईला जाऊन राहिले. सी सिक्स्थ जुळवणीचा प्रसार मुख्यतः त्यांच्यामुळे झाला. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर निघालेल्या ‘अस्सल हवाईयन’ रेकॉर्डीवर ओहायोचा माणूस असणं यात नवल काहीच नाही.

रविवारी सवयीप्रमाणे सांगलीला फोन लावला आणि बाबांना दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं ऐकवलं. बाबा तरुणपणी गावातल्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. आमच्या घरी गिटारवादक सुनील गांगुलींच्या रेकॉर्डी झिजेपर्यंत वाजल्या आहेत. बाबांनी मधला तुकडा तीनदा लावायला सांगितला आणि म्हणाले, “अगं, वरचा स्वर ढिम्म हलत नाहीये. खालचे दोन चढतायत. बार एक आहे ना?”

“तिरका धरला असेल, बाबा.”

“तिरका धरून बघ तू. मग मला सांग.”

बघितलं. माझ्या गिटारवर दोन संध्याकाळ घालवल्या. बार तिरका करून दोन तारांतलं अंतर बदलता येतं, पण एक तार जागेवर ठेवून शेजारच्या दोन सारख्याच चढवायच्या, आणि तेही घसरत, अखंड, हे माझ्याच्यानं झालं नाही. सावकाश करून पाहिलं तर बारची भूमितीच आड येते. तिथे पाय लागतो. म्हणजे पेडल, पायानं दाबलं की ठरावीक तारांचा ताण बदलणारं. पेडलनं स्वर वाकवण्याची तऱ्हा १९५४ पासून अमेरिकी कंट्री संगीतात पसरली, पण जेरी बर्ड यांनी पेडल आयुष्यभर दूर ठेवलं. नाव खोडलं.

मग माझ्या कानाला सी सिक्स्थ का वाटलं? याचं उत्तर खोका क्रमांक २ मध्ये पडून होतं. वेगळ्या लेबलची, सूर्यास्ताच्या कव्हरची एक रेकॉर्ड. तिच्यावरची चार गाणी हीच आहेत असा मला संशय होता, फक्त शीर्षकं बदललेली. दोन्ही संगणकात उतरवून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एकाखाली एक ठेवल्या. सुरुवात जुळवली तरी दहा सेकंदांत मागेपुढे होत होत्या. माझ्या टर्नटेबलचा वेग मी दर महिन्याला तपासते, त्यामुळे दोष तबकड्यांतच होता. माडांची रेकॉर्ड जवळजवळ तीन टक्क्यांनी, म्हणजे पाव स्वराच्या आसपास, संथ निघाली. वेग दुरुस्त केल्यावर दोन्ही लहरी शेवटपर्यंत एकमेकींवर बसल्या. बारचा एका ठिकाणी तारेला लागलेला ‘टक्’सुद्धा. वाजवणं तेच, टेप तीच.

पण दोन्हींतली खरी पट्टी कुठली? गिटारवरून ते सांगता येत नाही, उकुलेलेवरूनही नाही, कारण त्या कुठेही जुळवता येतात. पण याच गाण्यांत मागे व्हायब्राफोन आहे, आणि त्याच्या धातूच्या पट्ट्या कारखान्यात घासून ठरलेल्या असतात. वादक त्या पिळून जुळवत नाही. व्हायब्राफोनचा स्वर मोजला, तर सूर्यास्ताची रेकॉर्ड बरोबर. ज्यांच्याकडे व्हायब्राफोन, पियानो किंवा चेलेस्टा असलेली रेकॉर्ड आहे त्यांनी आधी हे करा. चुकीच्या वेगावर जुळवणी ओळखण्यात मी दोन महिने घालवले.

आता दुसरी युक्ती, आणि याच्याबद्दल लिहिताना मला अजूनही धडधडतं. स्वर विरत जातो तिथला शांत तुकडा घेऊन त्याचा वर्णपट, म्हणजे कुठल्या कंपनसंख्येवर किती आवाज आहे त्याचा आलेख, पाहिला. विजेवर चालणाऱ्या उपकरणांची एक बारीक गुणगुण टेपवर उतरते. अमेरिकेतला वीजपुरवठा ६० हर्ट्झचा, त्यामुळे ६०, १२०, १८० वर खुणा दिसतात. माझ्या टर्नटेबलची स्वतःची ६० ची खूण होतीच, ती सुई उचलल्यावरही राहते. पण सूर्यास्ताच्या रेकॉर्डीवर तिच्याशेजारी आणखी एक शिडी होती: ५०, १००, १५०. सुई उचलली की ती नाहीशी. माडांच्या रेकॉर्डीवर तीच शिडी साधारण साडेअठ्ठेचाळीसवर, आणि वेग दुरुस्त केला की बरोबर ५० वर. अमेरिकेत टेपची नक्कल करताना ६० ची गुणगुण चढू शकते. ५० ची तिथे आपोआप येत नाही.

रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी उठून पाणी प्यायले आणि परत मोजलं.

एक अडचण आधीच सांगते. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मोठ्या भागात १९४८ पर्यंत ५० हर्ट्झच होतं, त्यामुळे जुन्या ७८ वरून (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून) घेतलेल्या गाण्यांना ही कसोटी जशीच्या तशी लावू नका. पण ही टेप खरी स्टीरिओ आहे, आवाज दोन्हीकडे विभागून चोपडलेला नकली स्टीरिओ नव्हे, म्हणून तो काळ बाद होतो. उरतो युरोप, आणि टोकियोही, कारण जपानचा पूर्व भाग ५० वर चालतो आणि तिथे हवाईयन संगीताचं वेड जुनं आहे. परदेशात ध्वनिमुद्रण करून घेणं स्वस्त लेबलांना नवीन नव्हतं. सॉमरसेट लेबलनं ‘१०१ स्ट्रिंग्ज’चा वाद्यवृंद हॅम्बुर्गमध्येच मुद्रित केला होता.

युरोप म्हटल्यावर लगेच वूट स्टीनहाउस यांचं नाव सुचतं. मूळचे डच, इंग्लंडात स्थायिक, एकावर एक गिटारींचे थर मुद्रित करण्यात वाकबगार. मग ती न हलणारी वरची तार म्हणजे दुसरी गिटार असेल का? म्हणून तो तुकडा दहापट संथ करून ऐकला. तिन्ही तारा अंगठ्याच्या एकाच फेऱ्यात, खालून वर, दरवेळी सारख्याच अंतरानं वाजतात. वेगवेगळ्या वेळी वाजवलेले थर इतके बांधून येत नाहीत. पेडलच. मोह आवरला, नाव लिहिलं नाही. यापुढे माझा नियम असा: हात आणि कागद, किंवा हात आणि टेप, दोन्ही एकच बोट दाखवतील तेव्हाच नाव शाईनं. तोवर पेन्सिल.

बाबांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, “आपल्याकडे तरी कुठे छापायचे नाव?” खरंच आहे. हिंदी सिनेमाच्या तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार असायचे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या माणसांनी लिहून दिलेल्या वाद्यमेळाला तिथे जागा नव्हती. हजारा सिंग यांची गिटार सगळ्या देशानं ऐकली, पण नाव जाणकारांपुरतंच राहिलं.

थकवा आला की मी ताऊ मो यांची गोष्ट आठवते. १९२९ मध्ये टोकियोत ‘मादाम रिव्हिएरचे हवाईयन्स’ या नावानं काही ७८ निघाल्या. वाजवणारे ताऊ मो आणि गाणाऱ्या त्यांच्या पत्नी रोझ. पुढे हे कुटुंब पन्नासेक वर्षं जगभर फिरलं. १९४०च्या दशकात कोलकात्यात राहिलं, आणि ताऊंनी तिथे गिटार शिकवली, म्हणजे बाबांच्या मांडीवर ते वाद्य आलं त्यात त्यांचाही वाटा आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बॉब ब्रॉझमन या अमेरिकी वादकाला ओआहू बेटावरच्या लाइए गावातून पत्र आलं. ब्रॉझमन त्या ७८ चे संग्राहक. पत्र लिहिणाऱ्या म्हाताऱ्यानं त्यांची रेकॉर्ड मागवली होती आणि आपण मादाम रिव्हिएरबरोबर वाजवायचो असं सहज लिहिलं होतं. ते ताऊ मो होते. साठ वर्षांनी त्याच कुटुंबानं ब्रॉझमन यांच्याबरोबर ती गाणी पुन्हा मुद्रित केली. लाइए म्हणजे स्टील गिटारचा जनक मानल्या जाणाऱ्या जोसेफ केकुकूंचंही गाव.

सध्याची स्थिती: खोक्यांत ६४ रेकॉर्डी. त्यांतल्या १९ वर दुसऱ्या कुठल्यातरी रेकॉर्डीची टेप आहे हे लहरी जुळवून नक्की झालं. गुणगुणीची तपासणी आतापर्यंत ११ रेकॉर्डींवर केली, ५० ची शिडी फक्त या जोडीवर. पुढचं काम डच वादकांचं. किलिमा हवाईयन्सच्या दोन आणि इंडोनेशियातल्या मोलुक्काच्या रुडी वायराटांच्या तीन रेकॉर्डी नेदरलँड्सहून माझ्याकडे यायला निघाल्या आहेत. वायराटांचा हात मला ऐकूनच परका वाटतो, तरी त्यांच्या साथीदारांचा व्हायब्राफोन आणि उकुलेले कान देऊन ऐकायचे आहेत. साथसंगतीचा संच जुळला तर गिटारवाला सापडायला वेळ लागत नाही.

माडांच्या आणि सूर्यास्ताच्या रेकॉर्डी आता एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवल्या आहेत. वर चिठ्ठी, पेन्सिलीनं: “पेडल. ५०. व्हायब्राफोन. दुसरी बाजू, तिसरं गाणं, बाबांनी ओळखलं.” तुमच्याकडे याच दहापैकी कुठलंही गाणं वेगळ्या नावानं असेल, तर त्या ‘टक्’साठी ऐकून पाहा. दुसरी बाजू, तिसरं गाणं, एक मिनिट बेचाळीस सेकंदांवर.