चिखलासकट

ट्रेकिंगचे बूट दुकानात परत करायला न्यायचे तर धुवून न्यावेत की चिखलासकट, यावर आमच्याकडे रात्री जेवताना चांगलीच जुंपली. नवरा म्हणे धुवून ने, चारचौघात कसं दिसतं ते. मी म्हटलं धुतले की ते म्हणणार पाण्यात बुडवले म्हणून खराब झाले, नाही धुतले तर म्हणणार बघा मॅडम किती रफ वापरलेत. म्हणजे काहीही करा, आरोपी आपणच. मिक्सर परत न्यायला गेलं तर कुणी विचारत नाही की यात चटणी वाटली होती का. बुटाला मात्र विचारतात, "कुठे घातले होते?" अहो, डोंगरात घालायचे म्हणूनच विकलेत ना!

तर झालं होतं असं की ऐन पावसात राजमाचीहून कोंढाणे लेण्यांच्या बाजूने उतरताना उजव्या टाचेखाली काहीतरी सटकल्यासारखं वाटलं, बघते तर सोल लोंबतोय. नुसती चिकटवण सुटली असती तरी एकवेळ चाललं असतं, पण खालचा रबर आणि वरचा बूट यांच्यामध्ये जो फोमसारखा थर असतो ना, तो बोटाने दाबला की शिळ्या खारीसारखा भुगा होत होता. आणि वरून बूट अगदी कोरा, रबराची नक्षीसुद्धा झिजलेली नाही. मग काय, सॅकमधली सुतळी काढून बूट बांधला आणि उतरले. वाटेत गावातल्या दोघी मावश्या साध्या प्लास्टिकच्या चपलांत माझ्या पुढे निघून गेल्या, जाताना एकीने बुटाकडे बघून "नवाच दिसतोय की" असं म्हटलं, ते जरा लागलं.

हा भुगा होण्याचा प्रकार तसा नवा नाही, जुन्या ट्रेकर मंडळींना माहीत असतो. तो मधला थर बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो, वजनाला हलका, पायाला मऊ, सगळं छान. पण हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक बांधणी हळूहळू तुटत जाते, त्याला हायड्रॉलिसिस म्हणतात, आणि त्यासाठी बूट घालावेच लागतात असं नाही. डब्यात नुसते पडून राहिले तरी काही वर्षांत आतून खलास. आपल्याकडची दमट हवा म्हणजे तर त्याला आयतं आमंत्रण. मग दुकानात सेलचा बोर्ड लागतो, भारीतले बूट निम्म्या किमतीत मिळतात, आपण खूश. ते निम्म्यात का मिळतायत हे विचारायचं कुणाला सुचतं?

इथे आमच्या साबा, म्हणजे सासूबाई, कामी आल्या. त्यांना रिकामा डबा टाकवत नाही, बुटाच्या डब्यात दिवाळीच्या लायटिंगच्या माळा अलरेडी जाऊन बसल्या होत्या. माळा बाहेर काढल्या आणि डब्याच्या बाजूला तो बारीक अक्षरातला स्टिकर असतो, एमआरपी वगैरे लिहिलेला, त्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष दिसलं. मी घेतले त्याच्या तब्बल तीन वर्षं आधीचं! बिलाचा फोटो मोबाईलमध्ये होता हे बरं, कारण तो गुळगुळीत कागद पाकिटात राहून पांढराफटक पडला होता. ही बिलं शाईची नसतातच, उष्णतेने उमटतात आणि उष्णतेनेच उडतात, त्यामुळे घेतल्या घेतल्या फोटो काढावा.

दुकानात मी चिखलासकटच गेले. काउंटरवरचा मुलगा बिचारा सज्जन, त्याने आधी "चिकटवून देतो मॅडम" म्हटलं. मी भुगा दाखवला, चिकटवणार कशाला? मग "कंपनीला मेल टाकावा लागेल". मग बिलाच्या तळाशी बोट, 'सेलमधील माल परत अथवा बदलून मिळणार नाही'. त्याच्यावर मी चिडले नाही, त्याला पढवून ठेवलंय तेवढंच तो बोलणार. मॅनेजर आले, त्यांनी क्रेडिट नोट देऊ केली. आता क्रेडिट नोट घेऊन मी काय करू, त्याच मांडणीवरचा त्याच वयाचा दुसरा बूट घेऊ?

मग जरा कायदा काढावा लागला. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे त्यात सरळ लिहिलंय की सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा, बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत आणि दिलेलीच नसेल तर तीस दिवसांत. रंग आवडला नाही, घरी जाऊन मन बदललं, त्याला हे लागू नाही, आणि नसावंच. पण चालता चालता सोल गळून पडणं हा काही आवडीनिवडीचा प्रश्न नाही. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे तिच्यावर तक्रार करते म्हटलं, तरी साहेब शांत. "प्रोसेस असते मॅडम."

खरं काम केलं ते चिखलाने. मी बूट काचेच्या काउंटरवर ठेवले होते, बोलता बोलता तो भुगा आणि वाळलेली माती त्या चकचकीत काचेवर सांडत होती, आणि शेजारच्या बाकावर एक काका मुलीला शाळेच्या ट्रिपसाठी बूट बघत होते. ते आधी ऐकत होते, मग उठून बघायला आले, मग परत जाऊन त्यांनी हातातल्या बुटाचा सोल अंगठ्याने दाबून पाहिला आणि पोराला म्हणाले, "याचा डबा दाखव रे." त्यांचं बघून आणखी एकीने डबा मागितला. मॅनेजर दोन मिनिटं आत जाऊन आले, म्हणाले कार्डावर पैसे टाकतो, पाच-सात दिवस लागतील. पूर्ण रक्कम? हो हो, पूर्ण. फक्त बूट आणि डबा इथेच ठेवावे लागतील.

ठेवा की. त्यातल्या लेस तेवढ्या मी काढून घेतल्या, कंपनीच्या आखूड होत्या म्हणून मी माझ्या पैशाने नव्या घातल्या होत्या. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं काय झालं, साबांनी विचारलं डबा कुठेय.